रुस्तम ऊर्फ बिस्किट

तालमीसमोर भरलेल्या बैठकीत कुत्र्याचं नाव विचारलं गेलं, तेव्हा एकाच घरातल्या दोघांनी दोन नावं सांगितली. अप्पा म्हणाले, "रुस्तम." त्याच दमात त्यांची नात सई म्हणाली, "बिस्किट."

तालीम मंडळाचा अध्यक्ष अमरसिंह वहीत लिहून घेत होता. त्याने पेन थांबवलं. "दोघातलं चावलं कुठलं, तेवढं सांगा म्हणजे झालं."

बैठक खो खो हसली. अप्पांची सून वर्षाराणी मात्र पदराचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती. हसणाऱ्यांमध्ये विश्वजितही होता, आणि चावा त्यालाच बसला होता. बावीस वर्षांचा पोरगा, उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बँडेज, आत नऊ टाके. जत्रांच्या कुस्त्या तोंडावर आलेल्या आणि हा पठ्ठ्या दोन महिने आखाड्यात उतरू शकणार नव्हता. तरी हसत होता. त्या हसण्यानेच वर्षाराणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अमरसिंहने निकाल दिला. "अप्पा, तुम्ही आमचं वस्ताद. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही न्हाय. पर गल्लीत चाळीस पोरं हायत, आणि त्यातलं एकेक पोरगं मांडीवर थाप मारून दिवसातनं धा वेळा शड्डू ठोकतंय. आठ दिस देतो. पुढच्या रविवारी हितंच, सगळ्यांम्होरं शड्डू ठोकायचा. कुत्रं गप ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे. उठलं, तर त्याच दिवशी पन्हाळ्याच्या अंगाला न्हेऊन सोडायचं. बोला."

अप्पांनी सुनेकडे बघितलं. वर्षाराणीच म्हणाली, "चालेल."

घरी येताना सईने तिचा हात धरला. "आई, आठ दिवसांत शिकेल ना तो?"

"शिकेल," वर्षाराणी म्हणाली. कुठल्या आधारावर म्हणाली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

वर्षाराणी मूळची गारगोटीची. तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी. झाली, लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं जागच्या जागी ठेवणारी बाई. सकाळी घरातून निघताना गॅस तीनदा बघायची आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघायची. नवरा उदयसिंह शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर, मुलखाचा अबोल. सासरे अप्पा जुने पैलवान, सत्तरी ओलांडली तरी मान अजून खांद्यात रुतलेली आणि कान मोडलेले. आणि सई, अकरा वर्षांची, एकुलती एक.

कुत्रं आलं ते सईसाठी. शाळेतून बाईंचा निरोप आला होता, की मुलगी हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही, उभं केलं की डोळ्यांत पाणी आणते. वर्षाराणीने डॉक्टर केले, अंगारे केले, वाढदिवसाला अख्खा वर्ग घरी बोलावून बघितला. मग अप्पांच्या तालमीतल्या एका जुन्या जोडीदाराने त्यांना गडहिंग्लजकडून कारवानी जातीचं एक पिल्लू आणून दिलं. लांब तोंडाचं, बरगड्या मोजाव्यात इतकं बारीक, अंगाचा रंग बिस्किटासारखा. आठवड्याभरात सई त्याच्यासमोर बसून मराठीचा धडा मोठ्याने वाचू लागली. तो मान वाकडी करून ऐकायचा. ती अडखळली तर जांभई द्यायचा आणि सई हसून पुन्हा वाचायची. वर्षाराणी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर तशीच ठेवून ते ऐकत उभी राहायची. कितीदा तरी पोळी करपली.

त्याला वाढवायचं कसं, यावर मात्र घरात तीन मतं होती.

उदयसिंहचं मत एका ओळीचं होतं. "कुत्रं हाय. बांधा आणि भाकरी टाका."

वर्षाराणीने जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनींना विचारून घेतलं होतं, मोबाइलवर व्हिडिओ बघून वहीत टिपणंही काढली होती. चांगलं वागला की लगेच खाऊ द्यायचा. चुकला तर तोंड फिरवायचं. ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही. खाऊ म्हणून ती फुटाणे खिशात घेऊन हिंडायची.

अप्पांनी ते बघितलं आणि तोंडातलं पान बाजूला सारून म्हणाले, "सूनबाई, फुटाणं देऊन पैलवान घडत न्हाय. फुटाणं खाऊन बघे घडत्यात."

त्यांच्या लेखी कुत्रं आणि पैलवान घडवायची रीत एकच. खुराक, मेहनत आणि वस्तादाचा धाक. सकाळी गवळ्यांच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, बदाम, कच्ची अंडी. मग रंकाळ्याला फेरी. परक्याच्या हातचं खायचं नाही, परक्याला अंगाला हात लावू द्यायचा नाही. आणि पैलवानाला जे पहिल्या दिवशी शिकवतात, तेच त्यांनी रुस्तमला शिकवलं. शड्डूचा आवाज झाला, की जोड, म्हणजे समोरचा पैलवान, पुढ्यात आली असं समजून झेप घ्यायची.

गच्चीवर अप्पा धोतर खोचून उभे राहायचे आणि मांडीवर पंजा मारायचे. ठाप! कोपऱ्यातून कुत्रं बाणासारखं सुटायचं आणि अप्पांच्या हाताला गुंडाळलेल्या पोत्याला लोंबकळायचं. "शाब्बास रे माझ्या वाघा!" घरातले सगळे हसायचे. वर्षाराणीही हसायची. एकदा तिनेच त्याचा व्हिडिओ काढला, स्टेटसला ठेवला, आणि एकशे चार जणांनी तो बघितला म्हणून तिला बरंही वाटलं. हे खूळ थांबवावं, असं त्या वेळी तिच्या मनातही आलं नाही. औषध विकत घेताना चिठ्ठी वाचणारी, फ्रीजमधल्या दह्यावर तारीख घालणारी बाई. तिच्या मनात नाही आलं.

मग कोडोलीच्या मैदानात विश्वजितने मोठ्या इनामाची, नंबरातली कुस्ती मारली. हलगी लावून पोरांनी त्याला गल्लीत आणलं. गुलालाने माखलेला विश्वजित आधी वस्तादांच्या पाया पडायला दारात आला. वाकला, उठला, आणि आनंदाच्या भरात सवयीने मांडीवर पंजा मारला. ठाप.

दारामागे कुत्रं मोकळंच होतं.

बैठकीनंतरची पहिली रात्र भांडणात गेली.

"शिकवलं मी, मीच मोडतो," अप्पा म्हणाले. "वेताची छडी आण. दोन दिसांत सरळ करतो."

"छडी नाही अप्पा. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, लांबून हळू आवाज करायचा, तो गप राहिला की खाऊ द्यायचा, मग थोडं जवळ यायचं. रोज थोडं थोडं."

"किती दिस लागत्यात?"

"महिने," वर्षाराणीच्या तोंडून निघून गेलं.

"आणि आपल्यापाशी हायत किती?"

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पण हट्ट सोडला नाही. फुटाण्यांच्या जागी तिने उकडलेल्या कलेजीचे तुकडे घेतले. पहाटे पाचला उठून नवऱ्याला गच्चीच्या टोकाला उभं केलं.

"हळू ठोका. अगदी हळू."

उदयसिंहने झोपाळू डोळ्यांनी मांडीवर हात टेकवला.

जिन्यातून अप्पांचा आवाज आला, "डास मारतोयस व्हय रं?"

कुत्र्याने कान टवकारले, कलेजी हुंगली, गिळली. वर्षाराणीने मोबाइलवर खूण केली. शाळेत दिवसभर ॲसिडच्या बाटल्या पुसताना तिच्या डोक्यात अंतरं घोळत होती. आज वीस पावलं. उद्या पंधरा. रविवारपर्यंत दोन. प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे ती सारखी बघायची. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी ती कुत्र्याकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी पंधरा पावलांवर तो सुटला आणि उदयसिंहच्या लुंगीला लटकला. तिसऱ्या दिवशी तेच. सई त्या रात्री जेवली नाही. वर्षाराणीने गारगोटीला भावाला फोन लावला.

"दादा, शेतावर ठेवशील का रे? थोडे दिवस?"

"अगं, तू म्हणशील ते करीन. पर चावरं कुत्रं नको. शेतावर बायका असत्यात, बारकी पोरं असत्यात. तूच सांग, तू ठेवली असतीस?"

तिने फोन ठेवला. खरं उत्तर तिला माहीत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चमत्कार झाला. उदयसिंहने दहा पावलांवरून चांगला खणखणीत शड्डू मारला आणि कुत्रं जागचं हललं नाही. खाली बसून राहिलं. वर्षाराणीने कलेजी पुढे केली. त्याने ती खाल्ली नाही, नुसती जमिनीला हनुवटी टेकली. पण ती खुशीत होती. पाचव्या दिवशी पाच पावलं. सहाव्या दिवशी तीन. सई आईच्या गळ्यात पडली. "आई, तुझी पद्धत भारी आहे!"

कुत्र्याच्या मागच्या मांडीवर बोटभर लांबीचा वळ होता. केस उडालेले, कातडी लालसर. वर्षाराणीने तो बघितला. कुंपणाच्या तारेला घासला असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि त्यावर हळद लावली. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच ती शाळेत असायची. उदयसिंह फाउंड्रीत. सईची शाळा. घरात अप्पा आणि कुत्रं. हे गणित तिला सुटत नव्हतं असं नाही. ते मांडायची तिची हिंमत नव्हती. चार दिवस राहिले होते, मग तीन, मग दोन. जे चाललंय ते चालू दे, असं वाटायला लावणारे दिवस होते ते.

रविवारी तालमीसमोर सगळी गल्ली जमली. गच्च्यांवर बायका, कठड्यावर पोरं. अप्पांनी कुत्र्याला दोरीने धरून मध्ये आणलं. विश्वजित पुढे आला.

"अमरदादा, माझ्याच हातानं ठोकतो. डाव्या. उजवा तर त्येनंच न्हेलाय."

पुन्हा हशा. वर्षाराणीने सईला पुढ्यात घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. पोरीचं काळीज तिच्या तळहाताला लागत होतं.

ठाप!

कुत्रं उठलं नाही. ते जमिनीसरपट झालं. शेपूट पोटाखाली, कान मानेला चिकटलेले, डोळे मिटलेले. त्याच्याखालून ओल पसरत गेली.

"मुतलं की वं!" कठड्यावरचं एक पोरगं ओरडलं आणि टाळ्या पडल्या. अमरसिंहने वहीत लिहिलं. विश्वजितने खाली वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "घाबरू नकोस मर्दा. सुटलास."

अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. वर्षाराणीने सगळ्यांना हात जोडले. सुटलो, सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, सई धडा वाचायला पुस्तक घेऊन बसली. कुत्रं बाजेखाली होतं. सईने वाकून त्याला बाहेर बोलावलं आणि कान खाजवायला हात वर नेला. नेहमी न्यायची तसाच.

तो गुरगुरला नाही. भुंकला नाही. दातसुद्धा दाखवले नाहीत. जबडा हवेत मिटल्याचा आवाज तेवढा आला, सईच्या गालापासून बोटभर अंतरावर. आणि तो पुन्हा बाजेखाली गेला.

वर्षाराणी उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं बघितलं होतं.

सईचा चेहरा पांढरा पडला होता, पण पहिला शब्द निघाला तो, "आई, कुणाला सांगू नको. आई, माझीच चूक होती. मी हळू नेला नाही हात."

वर्षाराणीने तिचा गाल चाचपला. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा. रक्त नव्हतं. मग ती गच्चीवर गेली आणि प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला. वाक्यं तुटत होती. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरगुरला नाही, नक्की?"

"नाही."

"त्याला कुणी मारलंय का?"

"हो," ती म्हणाली. हा शब्द तिने चार दिवस गिळून ठेवला होता.

"हे बघा. गुरगुरणं म्हणजे त्याची सूचना असते, लांब राहा म्हणून. आवाज केला की मार बसतो एवढं तो शिकलाय. म्हणून आता सूचना देणार नाही. सरळ चावेल. मुलीला त्याच्यापासून लांब ठेवा, आणि तोंडाला जाळी लावल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. सुधारेल, पण शांत घर हवं, लहान मूल नको, आणि शिकवणारं माणूस एकच हवं. पन्हाळ्याच्या वाटेवर एकजण अशी कुत्री सांभाळतात. त्यांच्याकडे आत्ता जागा नाही. झाली तर कळवते."

"आणि नाही झाली तर?"

"आधी जाळी आणा," मॅडम म्हणाल्या.

ती खाली आली. अप्पा खुर्चीत बसले होते. सईने काही सांगितलं नसलं तरी वर्षाराणीच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं होतं.

"मारलंत ना अप्पा?"

"मारलं," अप्पा म्हणाले. आवाज चढला. "मग काय करायचं हुतं? तुझ्या कलेजीनं झालं असतं आठ दिसांत? मला माझ्या वस्तादांनी असंच घडवलं. पाठीवर छड्या मोडल्या. मी कुणाला चावलो व्हय?"

कधी नव्हे तो उदयसिंह बोलला. दाराला टेकून, खाली बघत.

"मला बी तसंच घडवायला बघितलंत अप्पा. म्हणून मी तालमीची पायरी पुन्हा चढलो न्हाय."

अप्पा उठून आतल्या खोलीत गेले. कुत्र्याला मागच्या अंगणात बांधलं. सईने दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

सकाळी वर्षाराणीने शाळेत रजा कळवली आणि ती तालमीकडे निघाली. तालमीत बायका जात नाहीत. आतल्या लाल मातीला बाईचा पाय लागत नाही, हे लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला सांगितलेलं. ती दाराबाहेरच उभी राहिली. आतून दंड-बैठकांचे हुंकार येत होते, मातीचा आणि तेलाचा वास येत होता. एका पोराने तिला बघितलं आणि विश्वजितला हाक मारली.

विश्वजित बाहेर आला. एका हातावर माती, दुसऱ्यावर बँडेज. "काय वैनी? रुस्तम बरा हाय न्हवं? मी येणारच हुतो त्याला भेटायला. दोस्ती करायची म्हणतोय."

"येऊ नको," वर्षाराणी म्हणाली. "जवळ जाऊ नको त्याच्या."

"का वं? पास झालाय की त्यो."

"पास नाही झाला. मार खाऊन गप बसलाय. काल सईला चावायला गेला. न भुंकता."

विश्वजितच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याने मागे वळून आत बघितलं, मग आवाज खाली आणला.

"वैनी, ह्ये अमरदादाच्या कानावर घालू नका. त्यो एक दिस ठेवायचा न्हाय कुत्र्याला. मी काय बी ऐकलं न्हाय असं समजतो. तुम्ही बांधून ठेवा, संपलं. सईचा लई जीव हाय त्याच्यावर, गल्लीला ठावं हाय."

नऊ टाके पडलेला पोरगा तिला वाट दाखवत होता. किती सोपी वाट होती. बांधून ठेवायचं. दाराला कडी. सईला ताकीद. मॅडमचा फोन येईपर्यंत महिना, दोन महिने. तिचं मन त्या वाटेवर चार पावलं चाललंसुद्धा. मग तिला कडी दिसली, आणि कडी लावायची विसरलेला एखादा दिवस दिसला. पतंग काढायला अंगणात उतरलेलं कुणाचं तरी पोर दिसलं. चावा बसायच्या आधी त्या पोराला गुरगुरण्याचाही आवाज ऐकू येणार नव्हता.

"अमरसिंहांना बोलव," ती म्हणाली.

"वैनी, परत एकदा इचार करा."

"बोलव रे. नाहीतर मी आत येईन."

विश्वजित आत गेला. आतले हुंकार एकेक करून थांबले. गल्लीच्या तोंडाशी शाळेची रिक्षा येऊन उभी राहिली होती. पाठीवर दप्तर घेतलेली सई रिक्षाच्या दांडीला धरून उभी होती, आत न चढता, तालमीच्या दाराकडे टक लावून. आई तिथे का गेली आहे, ते तिला न सांगता कळलं होतं.

अमरसिंह पंच्याने मान पुसत दारात आला. "काय काम काढलं वैनी, एवढ्या सकाळी?"

वर्षाराणीने लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवली, नको म्हणून. वर्षाराणीचे डोळे भरून आले, पण तिने नजर सईवरून काढून समोरच्या माणसावर ठेवली.

"काल संध्याकाळी," ती म्हणाली, "आमच्या सईच्या गालापासून बोटभर अंतरावर..."